निजेची पुळण

पाणंदीतून होडी चालली की बाहेरगावचे लोक हमखास एकच करतात. आधी उजवीकडे बघतात, तिथे श्रावणातला दर्या पुरुषभर उंच उसळत असतो. मग डावीकडे बघतात, तिथेही तेच. मग खाली बघतात, तर होडीखालचं पाणी परातीत ओतून ठेवल्यासारखं स्वस्थ. मग टाळ्या वाजवतात. अक्षता मेथरला या टाळ्या एके काळी फार आवडत, कारण ही पाणंद तिनेच बांधली होती. आज मात्र ती रेनकोटची टोपी नाकापर्यंत ओढून मागच्या फळीवर बसली होती. कुणी ओळखू नये, एवढीच तिची इच्छा होती.

मोरवण बेट किनाऱ्यापासून फार लांब नाही. स्वच्छ दिवशी समोरच्या पलतड गावच्या हायस्कूलची कौलं दिसतात. पण पूर्वी पावसाळा लागला की ती कौलं फक्त दिसतच असत. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद, होड्या वर ओढलेल्या आणि बेटावरची शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर पोराने पलतडी कुणाच्या तरी ओसरीवर पडून राहायचं, नाहीतर शिक्षण तिथेच संपवून वडिलांच्या जाळ्याला हात लावायचा. बहुतेक दुसरंच व्हायचं. मुलींचं तर व्हायचंच.

पाणंदीचं शास्त्र सांगायला सोपं आहे, करायला नाही. लाट वरून दिसते तेवढीच नसते. तिचे पाय पाण्यात खोलवर गेलेले असतात आणि तळ उंचावला की ते तळाला घासतात. घासलेली बाजू मंदावते, दुसरी बाजू तशीच धावते आणि लाट वळते. बैलगाडीचं एक चाक चिखलात रुतलं की गाडी कशी त्या अंगाला फिरते, तसंच. अक्षताने बेटाच्या नैर्ऋत्य नाकाडापासून समुद्राच्या तळाशी तिरक्या रांगांमध्ये जाड रबरी नळ्यांचे वरंबे अंथरले. पंपाने पाणी भरलं की वरंबे फुगून उठतात, पाणी सोडलं की सपाट पडून राहतात. पाण्यावरचे तरंगते संवेदक येणारी लाट आधीच ओळखतात आणि कुठला वरंबा किती उठवायचा ते संगणक ठरवतो. एकेक वरंबा लाटेला थोडं थोडं वळवत नेतो आणि मधला पट्टा मोकळा राहतो. शेतांमधून जाते तशी ती वाट, म्हणून बेटाने तिचं नाव पाणंद ठेवलं.

एक गोष्ट मात्र टाळ्या वाजवणाऱ्यांना कुणी सांगत नाही. वळवलेली लाट नाहीशी होत नाही. ती दुसरीकडे जाते.

ती कुठे जाते, तेच बघायला अक्षता आली होती. दक्षिण किनाऱ्यावरच्या संवेदकाचे आकडे दोन पावसाळे बिघडत चालले होते. संवेदक बिघडला असावा, असं तिने कचेरीत सांगितलं होतं. तो बिघडलेला नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

धक्क्यावर तिची भाची वेदा हातात छोटा झेंडा घेऊन उभी होती. नववीतली पोर, पण रविवारी पर्यटकांना बेट दाखवायचं काम तिने स्वतःहून अंगावर घेतलं होतं. हिंदी, इंग्रजी, पुण्याची मराठी, समोर येईल त्याच्याशी ती त्याच्या भाषेत बोले. पाणंद झाल्यापासून पलतडच्या शाळेत तिचा एक दिवस चुकला नव्हता.

"आते! तू? आधी कळवलं का नाहीस?" वेदा ओरडली आणि अक्षताच्या टोपीचा काही उपयोग राहिला नाही. "चल आमच्याबरोबर. आता सगळ्यात भारी आयटम आहे. निजेची पुळण!"

अक्षता घोळक्याच्या मागे राहिली. निजेच्या पुळणीवर कुणी जात नसे. लहानपणी खेळता खेळता चेंडू त्या बाजूला गेला तर तो चेंडू तिथेच सोडून यायचा, असा बेटाचा शिरस्ता होता.

घोळका केतकीच्या बनातून खाली उतरला आणि अक्षता बांधावरच थांबली. पुळण निम्मी उरली होती. लाटा बनाच्या मुळांपर्यंत येऊन गेल्याच्या खुणा होत्या. आणि भर पावसात सात-आठ म्हाताऱ्या बायका, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून, डोक्यावर पाट्या घेऊन एका रांगेत चालल्या होत्या. उत्तरेच्या टोकाला साचलेली वाळू पाटीत भरायची, चालत यायचं, बनाच्या कडेला ओतायची आणि परत जायचं. कुणी बोलत नव्हतं.

"आमच्या आज्या सांगतात," वेदा पर्यटकांना सांगू लागली, "समुद्र इथे झोपायला येतो. झोपेत कूस बदलली की वाळू ओढून घेतो, आपण चादर ओढतो ना, तशी. मग आज्या त्याला चादर परत घालतात. ही शेकडो वर्षांची परंपरा आहे. म्हणून हिचं नाव निजेची पुळण."

"किती सुंदर!" नाशिकहून आलेली एक बाई म्हणाली. तिचा कॅमेरा चालूच होता. "आम्ही घातली तर चालेल का चादर?"

तिने एका म्हातारीकडून पाटी मागून घेतली, डोक्यावर धरली, फोटो काढून घेतला आणि जवळच कुठेतरी ओतायला वाकली. रांगेतली एक बाई चटकन पुढे झाली. पाटी तिने हळूच काढून घेतली, हसली, आणि वाळू चार पावलं पलीकडे, केतकीच्या एका वाकड्या खोडाशी नेऊन ओतली. तळहाताने सारखी केली. मग मान वर केली.

ती जयवंती होती, अक्षताची आई.

बाकी सगळं एक वेळ अक्षताने सोसलं असतं. पण आया या पुळणीवर पाऊल ठेवत नाहीत. बेटावर ते कुणी शिकवत नाही, ते असतंच. न्यायचं काम बाप करतो, मामा करतो, आई दारात पाठ फिरवून बसते आणि पुढे आयुष्यभर त्या दिशेला जात नाही. आणि इथे तिची आई वाळूत गुडघे टेकून बसली होती, नाशिकच्या बाईच्या कॅमेऱ्यासमोर.

जयवंतीने लेकीला पाहिलं, मान हलवली आणि पाटी उचलून रांगेत गेली.

---

"पेज जेव आधी," घरी आल्यावर जयवंती म्हणाली. "वालीची भाजी आसा. भिजलंस किती!"

"आये, तू थंय गेल्लंस?"

"वाळू सारूक."

"कित्याक?"

"वाळू जाता म्हणान." तिने पेजेचं ताट पुढे सरकवलं. "खारातली मिरची वाढू?"

"कधीपासून सारतासात?"

"गेल्या पावसापासून. आधी शेजारची भागीरथी गेली. मगे मी गेलंय. मगे सगळीच." तिने मिरची वाढली. "आमच्या चेडवाची, वेदाची गोष्ट आयकलंस? काय बरां सांगता! लोक येतत, बघतत, जातत. कोण काय इचारणा नाय. माका तां बरां पडता."

"तिका म्हायत नाय, आये?"

"तिका कित्याक म्हायत होया?" जयवंतीचा आवाज एकदम धारदार झाला. "ती शाळेत जाता ना? जावंदे."

अक्षता जेवली. घास गिळवत नव्हता, तरी जेवली, कारण आई समोर बसली होती आणि तिच्या कपाळाशी पाटीची चुंबळ घासून लाल वळ उठला होता.

तिचा धाकटा भाऊ त्या वाकड्या केतकीखाली होता. असाच पावसाळा, दर्या बंद, पोराला ताप. बापाने होडी पाण्यात ढकलली आणि दर्याने ती परत फेकली. पुन्हा ढकलली, पुन्हा फेकली. पोराचं नाव त्यानंतर घरात कुणी घेतलं नाही. मोठ्यांना अग्नी देतात, पण एवढ्या लहानग्याला वाळूत निजवतात. निजलेल्याला हाक मारायची नाही. हाक ऐकून तो जागा झाला तर घर शोधत फिरेल आणि त्याला ते सापडणार नाही. म्हणून त्या पुळणीवर दगड नाही, पणती नाही, खूण नाही. बाहेरच्याने विचारलं तर सांगायचं, थंय कोण नाय.

पाऊस सरला आणि जयवंतीने अक्षताला पलतडी मावशीकडे शाळेला पाठवलं. बेटावरून शिकायला बाहेर पडलेली ती पहिली मुलगी. लोक म्हणत, भावासाठी शिकली. पाणंदीच्या उद्घाटनाला पाहुण्यांनीही भाषणात हेच सांगितलं आणि अक्षता मान खाली घालून बसली होती. लोकांना वाटलं, तिला भरून आलं.

तिला भरून आलं नव्हतं. तिला जनसुनावणीचा दिवस आठवत होता. लाट वळवायला दोनच दिशा होत्या. उजवीकडे पलतडचा गाबीतवाडा, मच्छीमारांची पाण्याला टेकलेली घरं. डावीकडे मोरवणचा दक्षिण किनारा. अधिकाऱ्यांनी देवळासमोर जमलेल्या बेटाला विचारलं, "दक्षिणेच्या पुळणीवर कुणाचं काही आहे का?" सगळे गप्प. वारासुद्धा पडलेला. शेवटी कुणीतरी म्हणालं, "थंय कोण नाय." अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. त्या गप्प बसण्याचा अर्थ तिथे अधिकाऱ्यांच्या बाजूला बसलेल्या एकाच माणसाला कळत होता. ती अक्षता होती आणि तीही गप्प बसली. समोरच्या बायकांमधून आई तिच्याकडे बघत होती.

वाळू फार जाणार नाही, असं तिच्या गणिताने सांगितलं होतं. ते गणित पलतडच्या जाड वाळूवर बेतलेलं होतं, निजेच्या पुळणीची वाळू रव्यासारखी बारीक. एकदा तिथे जाऊन मूठभर वाळू आणली असती तर आकडा बदलला असता. पण तिथे जायचं नसतं ना! शिरस्ता तिच्या सोयीचा होता. तिला लहान आकडा हवा होता, तो मिळाला आणि तिने पुढे काही विचारलं नाही.

---

पर्यटन कंपनीचा मोरवणचा व्यवस्थापक पार्थ देवस्थळी हा भला मुलगा होता. बेटावरच्या पोरांना तो रविवारी बुद्धिबळ शिकवी, पावसात कुणाचं छप्पर उडालं तर स्वतः शिडीवर चढे. पावसाळी सहलींसाठी पाणंद सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उघडी ठेवायची आणि बेटाचं लाटेवर चालणारं जनित्र दिवसभर पुरत नाही म्हणून पंपाच्या विजेचा खर्च कंपनीने उचलायचा, असा करार होता.

"अक्षताताई, बरं झालं आलात," तो म्हणाला. "वाळूचा विधी आपण रोजच्या कार्यक्रमात घेतोय. लोक रडतात हो ते बघून! मीसुद्धा परवा दोन पाट्या टाकल्या. तुम्ही इथल्याच, चार ओळी माहिती लिहून द्याल? मागचा अर्थ वगैरे."

अक्षता त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा राग यावा, असं तिला फार वाटत होतं. राग आला असता तर किती सोपं झालं असतं.

"तो विधी नाही," ती म्हणाली. "खाली मुलं आहेत."

"कुठे खाली?"

"वाळूत."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसा तो खुर्चीतून उठला आणि उठून काय करायचं ते न सुचून परत बसला. "मी तिथे बूट घालून गेलो," तो म्हणाला. मग बुटांकडे बघत, "पण हे कुणी सांगितलं कसं नाही?"

"सांगत नाहीत. बोललं की ती जागी होतात, असं मानतात."

"ते नाही बोलले, ते समजलं." त्याच्या आवाजात टोचणी नव्हती. तो खरंच समजून घ्यायचा प्रयत्न करत होता आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "पण तुम्हाला माहीत होतं. लाटा तिकडे तुम्ही वळवल्यात."

"हो," अक्षता म्हणाली.



---

ती घरी आली ती ठरवूनच. तिचा मोठा भाऊ संदेश, वेदाचा बाप, पडवीत पाहुण्यांच्या गाद्या झटकत होता. आई तांदूळ निवडत होती.

"आये, मी पाणंद बंद करतंय," अक्षता म्हणाली. "आजच. वरंबे कापून काढतंय. माझ्यान ह्यां बघवणा नाय. मी केलंय, मीच मोडतंय."

संदेशच्या हातातली गादी खाली पडली. "खुळी काय तू? वेदाची धावी येतली फुडल्या साली!"

जयवंतीने सूप बाजूला ठेवलं. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही.

"तुका बरां वाटूक होया म्हणान पोरांची शाळा बुडवतलंस?"

अक्षता उंबऱ्यावर बसली.

"त्या दिवशी देवळाकडे मी तुझ्याकडे बघी होतंय," जयवंती म्हणाली. "तू बोलतलंस, असां माका वाटलां. मगे वाटलां, नको बोलूस. बोललंस तर पाणंद होवची नाय, आणि उद्या आणखी कोणाचा पोर थंय जातला. म्हणान मीय गप रवलंय. तू एकटीच गप नाय होतंस, गो. सगळाच बेट गप होता. आता तू एकटीच रडान मोकळी जातंस?"

बाहेर पाऊस होता. संदेशने गादी उचलून घडी घालायचा प्रयत्न केला, ती पडेना, तशी त्याने ती भिंतीला टेकवली.

"पोरांची होडी सकाळी जाता, सांजेक येता," अक्षता अखेर म्हणाली. "तेवढ्यापुरते वरंबे उठवले तर? मदल्या वेळाक निजवन ठेवूचे. आपल्या लाटेवरच्या जनित्रात तेवढी वीज आसा. पण मगे पावसात पावणे येवचे नाय, दादा. कोण सकाळी येवन सांजेपर्यंत अडकान पडतलो? कंपनी जातली."

ही युक्ती तिला आज सुचलेली नव्हती. आराखडा करतानाही ती डोळ्यांसमोर होती. तेव्हा कंपनी हवी होती.

संदेश गाद्यांच्या ढिगाकडे बघत होता. पावसाळी पाहुण्यांवरच त्याने ही पडवी वाढवली होती. "आणि वाळू?" त्याने विचारलं. "तेवढ्यान थांबतली?"

"थांबाची नाय. कमी जातली. पण रोज थोडी जातलीच."

"थोडी आमी सारू," जयवंती म्हणाली आणि सूप परत मांडीवर घेतलं.

---

देवळासमोर पुन्हा बेट जमलं. देवस्थळी एका कडेला, खांबाशी उभा होता. अक्षताने सगळं सांगितलं: दोन वेळाच पाणंद, मध्ये दर्या मोकळा, पावसाळी पाहुणे बंद. नुकसान कुणाकुणाचं, तेही सांगितलं. कारण सांगायचं तेवढं राहिलं होतं.

"दक्षिणेची पुळण..." तिने सुरुवात केली आणि वाक्य तिथेच सोडलं.

सगळे गप्प. तेच लोक, तेच गप्प बसणं. फरक इतकाच की या वेळी ती त्यांच्या समोर उभी होती आणि तिला त्यांचे चेहरे दिसत होते. ज्यांच्या पडव्यांमध्ये नव्या खाटा होत्या, त्यांचेही. पहिला हात कुणी वर केला ते तिला कळलं नाही, डोळे भरले होते. पुसून बघितलं तेव्हा संदेशचाही वर होता. सगळेच होते.

देवस्थळी जाताना जयवंतीच्या पाया पडला. तिने त्याला वाटेसाठी तांदळाचे लाडू बांधून दिले.

पुढच्या आषाढात एक चुकार पाहुणा पोरांच्या होडीतून आला आणि अडकून पडला. फिरता फिरता त्याने वेदाला विचारलं, "त्या बाजूला काय आहे? मागे कुठेतरी वाचलं होतं, समुद्राला चादर घालतात म्हणे."

अक्षता ऐकत होती. वेदाच्या तोंडाशी आलेली ती गोष्ट तिला दिसली. मग पोरीने मान खाली घातली.

"नाही हो," ती म्हणाली. "तिकडे कोणी नाही."

तिला हे कुणी सांगितलं, ते अक्षताने विचारलं नाही. विचारायचा हक्क तिने कधीच गमावला होता.

आता अक्षता पावसाळाभर मोरवणलाच असते. धक्क्यालगतच्या पंपाच्या खोलीत दोन बटणं आहेत. आराखड्याच्या काळात तिने स्वतःच कंटाळवाण्या इंग्रजी पाट्या काढून त्यांवर मराठी शब्द घातले होते, तेव्हा ती गंमत वाटली होती. एका बटणावर लिहिलंय 'उठव', दुसऱ्यावर 'निजव'.

संध्याकाळी पोरांची होडी धक्क्याला लागते. दप्तरं डोक्यावर धरून पोरं चिखलातून घराकडे पळतात. शेवटचं पोर उतरल्याची खात्री करून जयवंती पंपाच्या खोलीत येते. हात लुगड्याला पुसते, 'निजव'वर बोट ठेवते आणि दाबते. पाण्याखाली वरंबे हळूहळू सपाट होत जातात, लाटा आपल्या जुन्या वाटेने जाऊ लागतात. दिवा हिरवा होईपर्यंत ती तिथेच उभी असते आणि तिचा हात त्या पत्र्याच्या पेटीवर हलके हलके थोपटत असतो.

सकाळी पोरं धक्क्यावर जमतात तेव्हाही ती येते, वेदाची वेणी सारखी करते, डबा दिलाय का विचारते. अक्षताने एकदा तिला म्हटलं, "आये, आज तू दाब."

जयवंतीने त्या बटणावरचं 'उठव' वाचलं आणि हात मागे घेतला.

"तां तू दाब," ती म्हणाली. "माझ्यान जावचा नाय."

अक्षता रोज दाबते.